भिंतीला दिलेल्या गोळ्या

पितृपक्ष लागला की बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम मी सुनेवर ढकलते. गुडघे दुखतात म्हणते. सून बिचारी विश्वास ठेवते. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण ते वैशाखातही दुखतात आणि वैशाखात मी झारी घेऊन तुरुतुरु फिरत असते. या दिवसांतलं ऊनच वेगळं. पावसाने धुऊन काढलेलं, पांढरं, डोळ्यांत सुरीसारखं जाणारं. त्या उन्हाने तापलेल्या मातीवर पाणी पडलं की जो वास उठतो तो माझ्या नाकात जात नाही, थेट जिभेखाली जातो. तिथे पाणी सुटतं. मग बोटं आपोआप कुंडीच्या काठाकडे... जाऊ द्या. सत्तरीला टेकलेल्या बाईने कुंडीकडे असं बघणं बरं दिसत नाही.

माझी नात मनवा डॉक्टरकी शिकते. काल घोकत होती, माणसाचं आरोग्य म्हणजे नुसतं शरीर नव्हे. शरीर, मन आणि समाज मिळून ते घडवतात की काय ते. म्हणाली, "आजी, हे एकदम सोपं आहे. यावर प्रश्न हमखास येतो."

"सोपं आहे खरं," मी म्हटलं. "मला ते कळायला फक्त एक बाई मरावी लागली."

ती हसली. माझ्या अर्ध्या बोलण्यावर घरात सगळे हसतातच; ती सवय मीच लावली आहे.

तेव्हाची मी म्हणजे एक बघण्यासारखी वस्तू होते. बावीस वर्षांची, नुकतीच नर्स झालेली. पांढऱ्या साडीला इतकी खळ घालायची की मी खाली बसले तरी साडी माझ्यानंतर बसायची. हातात काळी बॅग, छातीशी रजिस्टर, आणि नाकाचा शेंडा असा की जगातले सगळे जंत मी येणार म्हणून आधीच गाव सोडून गेले असावेत. नाशकातल्या आमच्या वसाहतीतली मी पहिली मुलगी नोकरीवर निघाले होते. आईने स्टँडवर पिशवीत चिवडा दिला आणि एकच सांगितलं, "शब्द जपून वापर. तुझ्या तोंडून एक घाण शब्द निघाला तर लोक म्हणतील, शिकले तरी शेवटी तेच." तो चिवडा दोन दिवसांत संपला. ते वाक्य मात्र पुरून उरलं.

गाव सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठाला. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि वाचतातही. मला शाळेशेजारी एक खोली, तेच दवाखान्याचं उपकेंद्र, तेच माझं घर. खोलीत मी बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. ती कोणीतरी पाहिली आणि दोन दिवसांत गावाला माझ्याबद्दल जे कळायचं ते कळलं. कोणी काही बोललं नाही. फक्त माझ्या ओंजळीत पाणी वरून पडू लागलं. गोळ्या द्यायच्या झाल्या की बायका पदर पसरायच्या, हात पुढे करायच्या नाहीत. मला वाटे, किती नम्र बायका! आता सांगा, अशा मुलीला काय म्हणायचं?

त्यात आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. नर्सची बॅग दिसली की पुरुष नसबंदीच्या धास्तीने शेताच्या दिशेने चालू लागत, आणि बायकांना वाटे ही गोळी मूल बंद करायची आहे.

सुमनने मात्र गोळ्या घेतल्या. गल्लीच्या टोकाला, नदीकडे तोंड करून तिचं मातीचं घर होतं. दोन पोटातच गेलेली, आता तिसऱ्या खेपेला सहावा महिना. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी असायला हवं तिथे सोललेल्या लसणीचा रंग. मी रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या तिच्या पदरात टाकल्या आणि म्हटलं, "रोज एक. चुकवायची नाही." झालं माझं आरोग्यशिक्षण.

पंधरा दिवसांनी ती दारात आली. मी रजिस्टर भरत होते.

"बाई, एक इचारू?"

"विचार ना."

ती उंबऱ्याशी घुटमळली. भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "नाय. काय नाय."

मी मान वर केली नाही. माझा रकाना अर्धा राहिला होता.

श्रावण संपता संपता सुमन गेली. दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या, ट्रॅक्टरवरून तालुक्याला नेताना अर्ध्या वाटेत बाळ गेलं आणि मग ती. रक्त थांबलं नाही, आणि मुळात जायला फारसं रक्त नव्हतंच. तिचा नवरा घराला कडी घालून द्राक्षाच्या बागेतल्या खोपटात राहायला गेला. रजिस्टरात मी सुमनच्या नावापुढे जे लिहायचं ते लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

आणि मग हे पांढरं ऊन पडलं.

बागांमध्ये छाटणी सुरू झाली. छाटलेल्या द्राक्षवेलीच्या टोकांतून पाणी ठिबकत राहतं. आभाळात ढग नाही, पानावर दव नाही, आणि भर उन्हात अख्खी बाग थेंब थेंब गळत असते. गावात म्हणतात, वेल रडते. सकाळी पुरुष बागेत निघून जात. भर बाराला गल्लीत फक्त बायका आणि कावळे. त्या वेळी एकेकीच्या छातीवर काहीतरी येऊन बसू लागलं. आधी कमलच्या, मग शेजारणीच्या, मग तिच्या शेजारणीच्या. काळीज धडधडे, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास अर्ध्यात अडके. आणि सुमनच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला एक खळगा पडला. पहिल्यांदा लिंबाएवढा. मग वाटीएवढा. आत चार चार बोटांचे ओरखडे. रोज दुपारनंतर तो थोडा मोठा दिसे.

"सुमन भित खाती," भागामावशींनी जाहीर करून टाकलं. भागामावशी म्हणजे सुमनची सासू. वाळलेल्या बोंबलासारखी म्हातारी, पण आवाज असा की नदीपलीकडची म्हैस वळून बघायची. "जित्तेपनी बी खायाची. मी डोळ्यानं बघितलंय. तवा पोरीला हटकलं नाय, आता घर खाऊन मंग मान्सं खाईल."

कमल सुमनची धाकटी जाऊ, सासूसोबत समोरच्या घरात राहणारी, सातवा महिना. गोरीपान म्हणून गावभर कौतुक. मी पापणी ओढली तर गोरेपणाचं कारण दिसलं. तीच लसूण. मी गोळ्या दिल्या. तिने पदर पसरला, मान हलवली. पुढच्या आठवड्यात पापणी होती तशीच.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते की."

"मग?"

"ती घिऊ देत नाय," कमल म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मी वळून पाहिलं नाही. शास्त्र शिकलेली बाई अशी वळून बघत नाही. पण मान मात्र दिवसभर आखडली होती.

मी ठरवलं, भूत पकडायचं. आज आठवलं की मला उचकी लागेपर्यंत हसू येतं. एका दुपारी बाराला मी कडुनिंबामागे लपले. हातात छत्री, भूत अंगावर आलं तर मारायला. खळ घातलेली साडी श्वास घेतला तरी वाजत होती, म्हणून मी श्वासही बेताने घेत होते. गल्ली ओस. कौलावर कावळा, तोही गप्प. आणि मग आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

मी डोळे गच्च मिटले. हो, मिटले. शास्त्र शिकलेली बाई.

उघडले तेव्हा भिंतीशी एक हात दिसला. हिरव्या बांगड्या. कमल खळग्यात बोटं घालून माती खरवडत होती आणि जिभेवर ठेवत होती, डोळे मिटून, प्रसाद घ्यावा तशी. तिने बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी भिंतीवर शिंपडलं. तो वास माझ्यापर्यंत आला. ती गेली. थोड्या वेळाने दुसरी आली, डोक्यावरून पदर ओढून. मग तिसरी. एकीने दुसरीकडे पाहिलं नाही, एक वळल्याशिवाय दुसरी पुढे आली नाही. जशी काही रांग कोणी लावून दिली होती. आणि शेवटी, देवाशपथ सांगते, आणि मी देव मानत नाही, शेवटी आल्या भागामावशी.

त्या गेल्यावर मी जवळ गेले. खळग्याच्या तळाशी, ओल्या मातीत, तांबडे ठिपके होते. कुंकवाच्या बोटांसारखे, ओळीने. मी एक नखाने उकरला. माझी गोळी. सगळ्या माझ्याच गोळ्या होत्या. बायका भिंतीतून माती काढून खात होत्या आणि माझं लोखंड भिंतीला चारत होत्या.

छत्री तिथेच पडली. मी कमलच्या ओट्यावर जाऊन बसले. या खेपेला साडी माझ्याबरोबरच बसली; घामाने तिची खळ उतरली होती. मला बघून दोघी-तिघी जमल्या. भागामावशीही तोंड पुसत आल्या. मी सुरुवात केली ती पुस्तकातल्या भाषेत. मातीतले जंतू, रक्ताची कमतरता, गर्भावर होणारे दुष्परिणाम. त्या ऐकत होत्या तशी भिंतही ऐकत होती.

मग कमलच हळूच म्हणाली, "बाई, त्या गोळीनं मानूस आतून काळं पडतं."

"काळं म्हणजे?"

भागामावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सुमनचं बी पडलं व्हतं. मंग ती गेली. आता ज्या ज्या बाईनं गोळी खाल्ली तिला बी तसंच व्हतंय. म्हंजी तिनं हात लावला. मंग जिची गोळी तिला, तिच्या भितीत परत केलेली बरी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड मला सहन होईना. शिकत असताना वहीत मी एक वाक्य लाल शाईने अधोरेखित केलं होतं: या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, रुग्णास आधी सांगावे. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तकातला शब्द त्यांना कळला नसता आणि त्यांचा शब्द माझ्या तोंडून निघाला नसता. आईला वचन होतं ना. सुमन त्या दिवशी उंबऱ्यावर हेच विचारायला आली होती. ती लाजली, मी लाजले, आणि आमच्या दोघींच्या लाजेच्या मधल्या जागेत ती मेली.

मी उभी राहिले आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले, "अगं, गू काळा होतो! गू! लोखंड असतं त्या गोळीत! तवा काळा असतो ना, तसा गू काळा होतो, बाकी काही काळं होत नाही!"

कौलावरचा कावळा उडाला. मग कमलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं झटका आला. ती हसत होती. मग शेजारीण. मग सगळ्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. त्या पांढऱ्या दुपारी, बंद घरासमोर, मेलेल्या बाईच्या भिंतीशी ते हसू इतका वेळ चाललं की मला भीतीच वाटली. थांबल्यावर कमल दम खात म्हणाली, "आईशपथ, छाती मोकळी झाली." आणि लगेच, भिंतीकडे बघत, "ताईला बी कुनीतरी सांगाया पायजे व्हतं."

मनवाला परीक्षेसाठी हवं असेल तर मी एवढंच सांगेन. अनवाणी पायांतून जंत शिरतात, ते रक्त पितात. घरच्या पंगती उठल्यावर उरलं तर बाई खाते, नाहीतर पाणी पिते. म्हणजे रक्त भरतही नाही. रक्त पातळ झालं की काळीज धावतं. काळीज धावलं की भीती वाटते. भीती कोणाला सांगायची सोय नसली की भीतीला नाव मिळतं. त्या गल्लीत ते नाव सुमन होतं. रक्त कमी पडलं की मातीची चटक लागते; ती प्रत्येकीला होती, पण प्रत्येकीला वाटे, आपण तर चिमूटभरच घेतो, बाकीची भिंत ती खाते.

हसून रक्त वाढत नाही. कमलला गोळी हवी होती आणि पोटभर जेवणही, आणि दिवस थोडे होते. मी भागामावशींना सांगितलं, हिला आधी जेवू घाला. त्या म्हणाल्या, "नर्सबाई, तुमी शिकलेल्या. पुरुषांच्या आधी सून जेवली तर माझा लेक ताट भिरकावील."

दोन दिवसांनी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी पान वाढतात, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. सुमनचं पान वाढलं तेव्हा मी कमलच्या ओट्याखाली उभी होते. खीर, वडे, डांगराची भाजी, वर तुपाची धार. कमल माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, मेल्यावर पयलं पान मिळालं तिला."

ते भागामावशींनी ऐकलं असावं. त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. बाहेरची सवाष्ण त्या घरात जेवायला यायला तयार नव्हती. त्यांनी कमललाच पाटावर बसवलं. ती जेवायला लागली आणि म्हातारीने एकाएकी डोळे फिरवले, अंग घुमवलं, आणि नदीपलीकडे जाईल अशा आवाजात ओरडली, "रोज! मला रोज पयलं पान पायजे! हिच्या तोंडानं जेवीन! तांबडी गोळी गुळात घालून पायजे! नाय दिली तर या घराची एक भित ठेवनार नाय!"

कमलचा नवरा, दीर, सगळे ओसरीवर पांढरेफटक. म्हातारी धाडकन आडवी झाली. मी धावले, नाडी धरली. नाडी शांत, गोगलगायीसारखी. म्हातारीने एक डोळा किलकिला उघडला आणि पुटपुटली, "गुळात चालंल ना ओ गोळी?"

मी शास्त्राची बाई, आणि माझ्या औषधाला भुताची चिठ्ठी लागली. पण चिठ्ठी चालली. त्या दिवसापासून त्या घरात पहिलं पान कमलला. घट बसायच्या आधी घरं सारवतात तेव्हा बायकांनी सुमनच्या घराची भिंतही सारवली, खळगा बुजवला. कमल सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. दुपारी छातीवर बसणारं काहीतरी गल्लीतून उठून गेलं.

इथे थांबले असते तर मी फार हुशार ठरले असते.

पुढच्या वर्षी पुन्हा हे ऊन पडलं, बाग गळू लागली, आणि एका सकाळी गल्लीत बोभाटा झाला. सारवलेल्या भिंतीला नवा खळगा. चार बोटांचे ओरखडे. मी रजिस्टर काढून घरोघर फिरले, पापण्या ओढल्या. सगळ्या गुलाबी. प्रत्येकीने गळ्याची शपथ घेतली. भागामावशीही घाबरल्या होत्या, आणि या खेपेला दोन्ही डोळ्यांनी.

नवमीच्या आदल्या दिवशी कमल माझ्या खोलीवर आली, कडेवर लेक. त्या खोलीत वर्षभरात गावातलं कोणी बसायला आलं नव्हतं. टेबलावर चहाचा कप आणि टोस्टचा पुडा होता. तेच माझं सकाळचं जेवण, बहुतेकदा संध्याकाळचंही. एकटीसाठी कोण चूल पेटवणार? आणि वर्षभर कोणी 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं, तर न जेवण्याची चोरीही नव्हती.

कमलने मूल खाली ठेवलं. माझ्याजवळ आली आणि काही कळायच्या आत अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. अगदी माझ्यासारखी, मान तिरकी करून. वर्षभरात त्या गावाने मला पहिल्यांदा हात लावला.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं बी पांढरं हाय."

मग माझा हात उलटा केला. मी मूठ मिटायला गेले, पण तिच्या मनगटात आता जोर होता. माझ्या चार नखांत माती होती.

मला सांगता यायला हवं की ती कधी आली. भर दुपारी खोलीचं दार लावून मी पडायची, एवढं आठवतं. उठले की तोंडाला ओली चव असायची, एवढंही. मधलं नाही. आजही नाही.

"उद्या ताईचं पान तुमी जेवायचं," कमल म्हणाली.

"मी सवाष्ण नाही. लग्नच झालं नाही माझं. आणि..." त्या 'आणि'च्या पुढचं आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"आत्याबाई म्हनल्या, ताईच्या पानावर कोन चालतं ते ताई ठरवील. गावानं मधी पडू नये." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, भागामावशी.

दुसऱ्या दिवशी मी त्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. चुलीपुढे पाट होता. भागामावशींनी तांब्या माझ्या हातात दिला, वरून ओतला नाही. पानाच्या कडेला, मिठाच्या शेजारी, तांबडी गोळी ठेवलेली होती, गुळाच्या खड्यासकट. मी पहिला घास घेतला आणि मला कळलं की मी वर्षभर उपाशी होते.

जेवता जेवता, नखं आठवून, मी कमलला हळूच विचारलं, "पण तुला कसं कळलं गं? तिथे तर कोणीच नसतं त्या वेळी."

"ताईनं सांगितलं."

मी तिच्या हसण्याची वाट पाहिली. माझ्या एका ओरडण्याने त्या वर्षी पोट धरून हसलेली ही मुलगी. ती हसली नाही. तिने शांतपणे माझ्या वाटीत आणखी खीर वाढली आणि माझ्या खांद्यावरून मागे, नदीकडच्या दाराकडे बघून मान हलवली. काम झालं की माणूस माणसाकडे बघून हलवतो तशी.

मनवाच्या वहीत सगळं बसतं. रक्त बसतं, भीती बसते, पंगत बसते. एवढं एक मान हलवणं कुठे बसवायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

सुनेने आत्ताच कुंड्यांना पाणी घातलं. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं आहे.